शुद्ध जर्सी घरच्या गोठ्यात: कांडीपासून कालवडीपर्यंत

कृष्णाकाठच्या कुठल्याही गावात चौकशी केली तर "आमच्याकडं जर्सीच आहे" असं ऐकायला मिळतं. गोठ्यात जाऊन बघावं तर गाय संकरित असते. कुणात एचएफचं, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियनचं, रक्त जास्त, कुणात जर्सीचं, आणि बापाचा पत्ता कुणालाच नाही. दुधाला ती चालते. पण शुद्ध जर्सी राखायची आणि तिच्या कालवडी विकायच्या, हा धंदा वेगळा आहे. त्यात गायीइतकंच महत्त्व वहीला असतं. हा लेख आठ-दहा जनावरांचा घरचा गोठा डोळ्यासमोर ठेवून लिहिलाय.

आधी हिशेब

जर्सी मूळची इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावरची. या बेटाने १७८९ साली बाहेरची गुरं आणायला कायद्याने बंदी घातली आणि पुढं दोनशे वर्षांहून जास्त काळ तिथं दुसरं रक्त मिसळू दिलं नाही. म्हणून ही जात इतकी एकसारखी राहिली. गाय लहान, वजन ३५० ते ४५० किलो. दूध एचएफपेक्षा कमी, पण फॅट साडेचार-पाचच्या घरात आणि एसएनएफही, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, चांगलं. खाणं बेतात, उन्हाला एचएफपेक्षा टिकाव जास्त, आणि वासरू लहान असल्याने वीत, म्हणजे विणं, सोपी.

आता कडू भाग. आपल्याकडे गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली गेलं की कपात जोरात होते, वर गेलं तर वाढ मोजकीच. तुमच्या संकलन केंद्राचा दरतक्ता आधी हातात घ्या आणि ४.८ फॅटच्या रकान्यावर बोट ठेवून बघा. तिथला दर ३.५ पेक्षा फारसा वेगळा नसेल आणि तुम्हाला सगळं दूध केंद्रालाच घालायचं असेल, तर सरळ सांगतो, चांगली संकरित गाय ठेवा.

शुद्ध जर्सी परवडते ती तिघांना. ज्याच्याकडे चारा मोजका आहे, जो घरोघरी दूध किंवा तूप विकतो, आणि ज्याला कालवडी विकायच्या आहेत. तुपाचा हिशेब साधा आहे. ४.८ फॅटच्या दुधाला किलोभर तुपासाठी २१-२२ लिटर लागतात, ३.५ च्या दुधाला ३० च्या आसपास. कराड, सांगली, मिरजेत ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर हा फरक थेट खिशात येतो.

पहिली गाय

दोन वाटा आहेत. एक, नोंदी असलेल्या गोठ्यातून शुद्ध कालवड आणायची. महाग पडते, पण वर्षं वाचतात. दुसरी, घरच्या चांगल्या संकरित गायीला दर पिढीत शुद्ध जर्सीचीच कांडी, म्हणजे वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी, लावत जायचं. गावरान गायीपासून धरलं तर पहिल्या पिढीत ५० टक्के, मग ७५, ८७.५, ९३.७५ आणि पाचव्या पिढीत ९६.९ टक्के. एका पिढीला अडीच-तीन वर्षं धरा, म्हणजे बारा ते पंधरा वर्षांचं काम. जर्सी संकरित गायीपासून सुरुवात केली तर एक-दोन पिढ्या वाचतात. आणि एका पिढीत जरी "डॉक्टरांकडं आज एचएफचीच कांडी होती" झालं, तर तेवढं सगळं मागं.

रूप बघून अंदाज येतो, खात्री होत नाही. अंगाचा रंग फिकट तांबूस ते गडद तपकिरी, कपाळ खोलगट, डोळे मोठे आणि बाहेर आलेले, नाकपुडी काळी आणि तिच्याभोवती पांढरट कडा, खूर काळे. पाठीवर वशिंडाचा उंचवटा किंवा गळ्याला लोंबती पोळी असेल तर देशी रक्त आहे. अंगावर काळे-पांढरे मोठे पट्टे दिसले तर एचएफ.

सांगोल्याच्या बाजारात रविवारी गायी भरपूर येतात आणि तिथं हौसेनं जावं, पण शुद्ध पैदाशीची गाय मी बाजारातून घेणार नाही. कानातला १२ आकडी बिल्ला, 'भारत पशुधन'वरची नोंद, बापाचा क्रमांक, आईच्या वेताचं दूध, एवढं दाखवणाऱ्याकडंच जावं. पैसे देण्याआधी ब्रुसेलाची, म्हणजे गाभ पडणाऱ्या संसर्गजन्य आजाराची, रक्ततपासणी करून घ्या. लागोपाठ दोन-तीन धारा स्वतःसमोर काढून घ्या, कारण बाजाराच्या दिवशी धार तुंबवून कास मोठी दाखवणं जुनंच आहे. घरी आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या दावणीला बांधा, वैरणीची पाटीसुद्धा वेगळी.

कांडी निवडताना

खरी पैदास इथं होते, आणि इथंच बहुतेक गोठे ढिले पडतात. गाय माजावर आली, फोन केला, डॉक्टर आले, भरवून (कृत्रिम रेतन करून) गेले. कोणत्या वळूचं रेतन, कुणी विचारलं नाही.

कांडीवर बारीक अक्षरात वळूचा क्रमांक, जात, तयार केल्याची तारीख आणि रेतन केंद्राची खूण छापलेली असते. वापरलेली कांडी टाकून देऊ नका. पुसून वहीत चिकटपट्टीनं लावा, शेजारी गायीचा बिल्ला नंबर आणि तारीख. पुढं कालवड विकताना ही चिकटवलेली कांडी तोंडी शब्दापेक्षा जास्त बोलते.

वळूच्या माहितीपत्रकात नुसता दुधाचा आकडा बघायचा मोह होतो. जर्सीत फॅटची टक्केवारी, मुलींच्या कासेची ठेवण, गाभण राहण्याचं प्रमाण आणि दुधातल्या सोमॅटिक पेशींचा (कासेच्या आजाराची खूण) आकडा, हे आधी बघा. दूध शेवटी. परदेशी वळू असेल तर 'जेएच-१' तपासणीचा निकालही विचारा. हा जर्सीतला आनुवंशिक दोष आहे. वाहक वळू आणि वाहक गाय एकत्र आली तर साधारण चारातला एक गर्भ सुरुवातीलाच मरतो, आणि आपण गाय उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली, म्हणून खनिज मिश्रणाला दोष देत बसतो.

नात्यातली पैदास हा घरच्या गोठ्याचा सगळ्यात मोठा धोका आहे. रेतन केंद्रात एकच वळू तीन-चार वर्षं चालतो आणि त्याच्याच मुलीला त्याचीच कांडी लागते. बाप-लेकीच्या जोडीतून झालेल्या वासरात नात्याचं प्रमाण २५ टक्के येतं, सावत्र भावंडांत १२.५, चुलत-मावस भावंडांत ६.२५. सव्वासहाच्या खाली राहायचं. त्यासाठी दर कालवडीच्या पानावर बाप, आईचा बाप आणि आजीचा बाप अशी तीन नावं लिहून ठेवा. यातला वळू असेल तर ती कांडी परत टाकीत जाते, माज चुकला तरी बेहत्तर.

लिंगनिर्धारित कांडीने कालवड होण्याचं प्रमाण सुमारे ९० टक्के असतं. गाभण राहण्याचं प्रमाण मात्र साध्या कांडीपेक्षा कमी. म्हणून ती पहिल्यांदा भरवायच्या निरोगी कालवडींना आणि नियमित माजाच्या तरुण गायींना वापरा. दोनदा उलटलेल्या गायीवर ती महागडी कांडी घालवू नका.

भरवताना एक गोष्ट जवळ उभं राहून बघा. कांडी उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमधून निघते. ती ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसून कोरडी करायची आणि लगेच वापरायची. शर्टाच्या खिशात किंवा काखेत धरून वितळवणारे अजून भेटतात. तुम्ही थर्मामीटर आणि कोमट पाण्याचा तांब्या तयार ठेवलात तर त्यांनाही ते वापरावं लागतं.

माज ओळखणं

माज सरासरी २१ दिवसांनी येतो आणि १२ ते १८ तास टिकतो. उन्हाळ्यात त्याहून कमी, आणि तोही रात्री. म्हणून पहाटे धारेआधी आणि रात्री झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं गोठ्यात नुसतं उभं राहावं. काम करता करता बघितलेलं बघणं होत नाही. दुसऱ्या गाईनं अंगावर चढल्यावर हलत नाही तो खरा माज. काचेसारखा स्वच्छ, तारेसारखा लोंबणारा सोट (योनीतला चिकट स्राव), वारंवार मुतणं, हंबरणं, दूध अचानक कमी होणं, ही बाकीची लक्षणं. सोट गढूळ किंवा पुवाचा असेल तर भरवू नका, आधी उपचार.

सकाळी दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवायचं. व्याल्यानंतर पहिले ६० दिवस थांबा.

भरवलं त्याच दिवशी पुढच्या तारखा कॅलेंडरवर टाका. समजा १ जानेवारीला भरवली. २२ जानेवारीला उलटते का बघायचं. मार्चच्या सुरुवातीला हातानं तपासणी, सोनोग्राफी असेल तर फेब्रुवारीतच कळतं. ८ ऑगस्टला दूध बंद करून आटवायची. वीत ७ ऑक्टोबरच्या आसपास, म्हणजे आपले नऊ महिने नऊ दिवस. घरात एकच कॅलेंडर ठेवा आणि ते गोठ्यातच लावा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेलं गोठ्यात आठवत नाही.

दिवसभराचं काम

पहाटे साडेचारला शेण भरणं, मग साफसफाई, मग धार. दोन धारांमध्ये शक्यतो बारा तासांचं अंतर. केंद्राची गाडी सहाला येते म्हणून संध्याकाळची धार चारला ओढली तर पहाटेच्या आधी कास ताठते, आणि पहिला त्रास भरपूर दुधाच्या गायींना होतो.

धारेचा क्रम ठरलेला असावा: पहिलटकरी आधी, मग निरोगी गायी, कासेचा त्रास असलेली शेवटी. सड धुवायचे, कागदानं किंवा स्वतंत्र फडक्यानं कोरडे करायचे. प्रत्येक सडाची पहिली दोन-तीन चिळकांडी काळ्या पृष्ठभागाच्या कपात. गुठळी किंवा पाणचट दूध तिथंच दिसतं. पान्हा सुटल्यावर सात-आठ मिनिटांत धार संपवा. शेवटी सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच गव्हाणीत वैरण टाका. धारेनंतर सडाचं तोंड अर्धा तास उघडं असतं. गाय तेवढा वेळ खात उभी राहिली तर दगडीचा, म्हणजे कास सुजण्याच्या आजाराचा, बराच धोका टळतो. आमच्या भागात उलटी सवय आहे, धारेच्या वेळी खाऊ घालायचं आणि धार झाली की गाय शेणात बसते.

सकाळचं वैरणपाणी उरकलं की माणसं शेताला जातात. दुपारी कुणीतरी एक फेरी मारावी. निम्म्याहून जास्त गायी बसून रवंथ करत असतील तर सगळं ठीक. उन्हाळ्यात गायी धापा टाकत उभ्या राहिल्या की पंखा आणि फॉगर चालू करा. जत, आटपाडी, माणच्या कोरड्या हवेत फॉगर चांगला लागू पडतो. पाटण, जावळीच्या पावसात तेच पाणी गोठा ओला करतं, तिथं नुसता पंखा आणि कोरडी जमीन हवी. जागा असेल तर मुक्त गोठाच करा, गायी न बांधता मोकळ्या. माज दिसतो, खूर चांगले राहतात, आणि पाणी गाय तिच्या मर्जीनं पिते. दुधातल्या गायीला उन्हाळ्यात दिवसाला ८०-१०० लिटर लागतंच.

वैरण, आणि वाढ्यांचा प्रश्न

चारशे किलोच्या दुभत्या जर्सीला दिवसाला १२ ते १४ किलो कोरडा अंश, म्हणजे पाणी वगळून उरणारी वैरण, लागतो. तो असा बसतो: मुरघास (हवाबंद आंबवलेली हिरवी वैरण) १५ किलो, हिरवी वैरण ८-१० किलो, कडब्याची कुट्टी तीन किलो, आणि बाकीचं खुराकातून. खुराक शरीरासाठी दीड किलो आणि वर प्रत्येक लिटर दुधामागे साधारण ४५० ग्रॅम. फॅट जास्त असल्याने जर्सीला लिटरमागे खुराक थोडा जास्तच लागतो. गोळी पेंड, मका भरडा, सरकी पेंड काहीही असो, एकदम बदलू नका, आठवडाभर घ्या. खनिज मिश्रण रोज ५० ते १०० ग्रॅम.

दहा गायींना वर्षाला ५५ टनांच्या आसपास मुरघास लागतो. एकरी १८-२० टन हिरवा मका धरला तर तीन एकरांचं एक पीक. मका चिकात, दाण्यातली दुधाची रेष अर्ध्यावर आली की कापा. कोवळा कापलेला मका खड्ड्यात पाणी सोडतो आणि आंबट वास मारतो.

आता वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. ऊसतोडीच्या हंगामात वाळवा, पलूस, कराडकडं वाढे जवळजवळ फुकट मिळतात आणि चार महिने गायी त्यावरच असतात. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं. ते पोटात कॅल्शियम धरून ठेवतं आणि गायीला मिळू देत नाही. दुसरीकडं जर्सी ही दुधाच्या तापाला, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घसरण्याला, सगळ्यात जास्त बळी पडणारी जात. ही दोन्ही गणितं एकाच दावणीवर येतात. संकरित गाय पचवून नेते ते जर्सी नेत नाही. वाढे द्यायचेच तर एकूण हिरव्या वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यावर नेऊ नका, कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडा, सोबत कडबा आणि खनिज मिश्रण ठेवा.

विण्याच्या आगेमागे

विण्याआधी साठ दिवस आटवायचं. खुराक कमी करून धार थांबवायची आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं चारही सडांत औषध सोडायचं.

शेवटचे तीन आठवडे नाजूक. या काळात भरपूर कॅल्शियमचं पातळ औषध पाजायची पद्धत सगळीकडं आहे आणि ती उलटी पडते. बाहेरून मिळत राहिलं की शरीर हाडातून कॅल्शियम काढायची यंत्रणा झोपवून ठेवतं, आणि विण्याच्या दिवशी एकदम गरज पडल्यावर ती जागी होत नाही. म्हणून या तीन आठवड्यांत जादा कॅल्शियम बंद, लसूण घास बंद, कडबा आणि मुरघास जास्त. ऋण-आयन क्षारांचं मिश्रण मिळतं, ते डॉक्टरांना विचारून द्या. कॅल्शियमची जेल द्यायची ती वीत झाल्या झाल्या, आणि गाय उभी असेल तरच.

तिसऱ्या वेतापासून पुढची गाय व्याली की पहिले तीन दिवस रात्रीसुद्धा बघा. कान थंड पडले, चालताना मागचे पाय लडखडले, बसून मान वळवून कुशीला लावली, तर दुधाचा ताप. तोंडानं काही पाजू नका, गिळता येत नसतं आणि औषध फुप्फुसात जातं. गाय आडवी पडू देऊ नका, पोत्यांचा टेकू देऊन छातीवर बसवा आणि डॉक्टरांना बोलवा. शिरेतून कॅल्शियम हळू, हृदयाचे ठोके बघतच द्यावं लागतं. ती बाटली घरी कुणी लावायची नाही. रात्री कुणी मिळत नसेल तर १९६२ हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री क्रमांक आहे.

वार, म्हणजे जार, बारा तासांत पडायला हवी. हातानं ओढू नका.

कालवड

जन्मल्यावर नाक-तोंड पुसायचं, नाळ आयोडीनमध्ये बुडवायची, आणि तासाभरात चीक. जर्सीचं वासरू २०-२५ किलोचं, त्याला पहिल्या दिवसात वजनाच्या दहा टक्के, म्हणजे दोन-अडीच लिटर चीक. वार पडायची वाट बघत चीक थांबवायची रीत अजून काही घरांत आहे. आजीचं म्हणणं मोडायला जड जातं, पण मोडा. चिकातली रोगप्रतिकारशक्ती वासराच्या आतड्यातून रक्तात जायचं दार काही तासांत बंद व्हायला लागतं.

जुळ्यात एक गोऱ्हा आणि एक कालवड झाली तर कालवड पैदाशीला जवळजवळ नक्कीच निकामी असते. तिला वाढवून अडीच वर्षांनी कळण्यापेक्षा वहीत त्याच दिवशी तसं लिहा.

दहा-पंधरा दिवसांत शिंगांचे कोंब जाळून घ्या आणि जंताचं पहिलं औषध द्या, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान कालवडीला ब्रुसेलाची लस, आयुष्यात एकदाच आणि फक्त मादीला.

भरवायची वेळ वयावर ठरवू नका, वजनावर ठरवा. जर्सी लवकर माजावर येते, आणि तिथंच घाई होते. २३०-२५० किलो झाल्याशिवाय नाही. वजनकाटा नको, टेप पुरतो. छातीचा घेर इंचात मोजा, त्याला त्याच आकड्यानं गुणा. खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी इंचात मोजून त्यानं गुणा आणि ६६० नं भागा. घेर ५६ आणि लांबी ४९ असेल तर २३३ किलो. चांगल्या सांभाळात हे १४-१६ महिन्यांत होतं आणि पहिली वीत २४-२६ महिन्यांत.

आजार

शुद्ध विदेशी रक्ताला गोचीड तापाची, म्हणजे थायलेरियाची, सगळ्यात मोठी भीती. विदेशी रक्त निम्म्याच्या आसपास ठेवण्याकडं शासकीय पैदास धोरणाचा कल आहे, त्यामागं ऊन आणि हे आजार आहेतच. शुद्ध जर्सी पाळायची म्हणजे ही जोखीम आपण डोळे उघडे ठेवून घेतो. ताप १०४ च्या वर, खांद्यापुढची गाठ सुजलेली, डोळ्याच्या पापणीआड फिकटपणा दिसला तर त्याच दिवशी रक्ततपासणी. थायलेरियाची लस मिळते, ती घ्याच. गोचीड मारताना नुसत्या गायीवर फवारून भागत नाही, भिंतीच्या भेगा आणि गव्हाणीचा तळ त्यांचं खरं घर. भेगा बुजवा.

लाळ-खुरकताची लस वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्याआधी. २०२२ ला लम्पीने आपल्या भागात काय केलं ते कुणाला सांगायला नको, ती लस दरवर्षी. अवघड केस असेल तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सातारा जिल्ह्यातच आहे.

गोऱ्हे आणि विक्री

२०१५ पासून राज्यात गोवंश हत्येला बंदी आहे, आणि जर्सीच्या गोऱ्ह्याला वशिंड नसल्यानं औताला कुणी घेत नाही. म्हणजे प्रत्येक गोऱ्हा हा खर्च. लिंगनिर्धारित कांडीची जादा किंमत या खर्चाशी लावून बघा, मग ती महाग वाटत नाही. उत्तम आईचा गोऱ्हा गावात वळू म्हणून सोडण्याचा आग्रह होईल, तो मानू नका. एकाच वळूनं गावभर आजार फिरतात आणि चार वर्षांत सगळ्या कालवडी बहिणी होतात.

कालवड विकताना द्यायचे कागद एका पिशवीत ठेवा: बिल्ला नंबर, बापाची कांडी, आईचं महिन्यातून एकदा दोन्ही धारांचं मोजलेलं दूध आणि फॅट, लसींच्या तारखा, ब्रुसेलाचा निकाल. आईचं वेतभराचं, म्हणजे ३०५ दिवसांचं, दूध या मासिक मोजणीवरून काढता येतं. "बेंदराला वीस लिटर दिलं होतं" याला गिऱ्हाईक किंमत देत नाही. कागद नसलेली कालवड संकरित गायीच्या भावात जाते, दिसायला कितीही देखणी असली तरी. आणि गोठ्यातली सगळ्यात चांगली कालवड कितीही भाव आला तरी पहिली दोन वेतं विकायची नाही. बाकीच्या कालवडींची किंमत तिच्याच नोंदींवर ठरते.